किशोरवयीन मुले आणि युद्धकलांचे वर्ग : नाशिकमधील पालकांनी नेमके काय पाहावे?

गोदाकाठ (धागाकर्ती)

जून महिना आला की गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर आणि सिडको या भागांत कराटे, तायक्वांदो, ज्युदो आणि किकबॉक्सिंगच्या वर्गांचे फलक झळकू लागतात. बहुतेक फलकांवर आत्मविश्वास, एकाग्रता, शिस्त आणि स्वसंरक्षण यांची हमी दिलेली असते. माझी मुलगी यंदा आठवीत गेली असून तिला यांपैकी काहीतरी शिकायचे आहे. त्यामुळे आम्ही दोघींनी शहरातील निरनिराळे वर्ग पाहिले, तिथल्या प्रशिक्षकांशी बोललो आणि घरी येऊन बरीच चर्चा केली. त्यातून जे प्रश्न उरले ते इथे मांडत आहे.

मुलांनी हालचाल करायला हवी, याबद्दल दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांचा मध्यम ते जोमदार व्यायाम सुचवते. याच संघटनेच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार जगभरातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले तेवढीही हालचाल करत नाहीत. परंतु केवळ व्यायामच हवा असेल तर पोहणे, धावणे किंवा कबड्डीही पुरेशी आहे. युद्धकलांचे वर्ग याच्या पुढचा दावा करतात: इथे मुलाचा स्वभाव घडतो, असे ते सांगतात. हा दावा खरा असेल तर तो कशामुळे खरा ठरतो, हे मला जाणून घ्यायचे आहे.

आम्ही पाहिलेल्या वर्गांपैकी दोन माझ्या विशेष लक्षात राहिले. पहिल्या ठिकाणी मोठे सभागृह होते आणि पन्नासहून अधिक मुले रांगांमध्ये उभी राहून आकड्यांच्या तालावर ठोसे मारत होती. दृश्य देखणे होते. मात्र मागच्या रांगेतील मुलांचे मनगट वाकत आहे की नाही, हे पाहायला कोणीच नव्हते. चौकशी केल्यावर आम्हाला सर्वप्रथम पट्ट्यांच्या (म्हणजे कंबरेच्या रंगीत पट्ट्याने दाखवल्या जाणाऱ्या श्रेणींच्या) परीक्षांचे वेळापत्रक आणि त्यांचे शुल्क सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी जागा लहान होती, मुले वीसेक असतील. सरावाच्या लढतीत एका मुलाचा फटका ठरल्यापेक्षा जोरात बसला. प्रशिक्षकांनी लढत थांबवली, आवाज चढवला नाही, परंतु ज्याला लागले त्याच्याजवळ फटका मारणाऱ्यालाच बसवले आणि तो सावरेपर्यंत उठू दिले नाही. नंतर दोघांना पुन्हा एकमेकांसमोर उभे केले आणि निम्म्या वेगाने तीच लढत खेळायला सांगितली. माझ्या मुलीने घरी आल्यावर सगळ्यात जास्त याच प्रसंगाबद्दल विचारले.

माझे मत असे बनत चालले आहे की मुलांची घडण मारण्याच्या तंत्रातून होत नसून त्या तंत्राभोवती जी बंधने घातलेली असतात त्यांतून होते. जिथे ही बंधने सैल असतात तिथे मुलाच्या हाती केवळ मारण्याचे कौशल्य उरते. हे मत अनुभवी मंडळींना कितपत पटते? कृपया सविस्तर लिहावे.

नाशिकरोडचा_ज्युदोका

ताई, मी अनेक वर्षे ज्युदो शिकवत आहे आणि तुमचे निरीक्षण मला पटते. ज्युदोपुरते बोलायचे तर ही बंधने कुणी बाहेरून लादलेली नाहीत, ती या कलेच्या रचनेतच आहेत. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा ते विशीतले तरुण शिक्षक होते. पुढे अनेक वर्षे ते शिक्षक तयार करणाऱ्या संस्थेचे प्रमुख होते आणि १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे आशियातील पहिले सदस्य झाले. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतील जे डाव जोडीदाराला कायमची इजा करू शकत होते, ते त्यांनी मोकळ्या सरावातून वगळले. त्यामुळे दोन मुले पूर्ण ताकद लावून झुंजू शकतात आणि दुसऱ्या दिवशी दोघेही धडधाकट सरावाला येऊ शकतात. आपली शक्ती उत्तम रीतीने वापरणे आणि स्वतःबरोबर दुसऱ्याचेही भले साधणे, ही दोन तत्त्वे त्यांनी ज्युदोच्या केंद्रस्थानी ठेवली.

प्रत्यक्ष वर्गात हे कसे दिसते ते सांगतो. नवीन मुलाला आम्ही सुरुवातीचे कित्येक दिवस कोणालाही पाडायला शिकवत नाही, आधी पडायला शिकवतो. हनुवटी छातीकडे ओढायची, पाठ गोल ठेवायची, हाताचा तळवा आणि कोपरापर्यंतचा भाग एकदम गादीवर आपटायचा आणि मागे हात टेकून स्वतःला सावरायचे नाही, कारण त्यात मनगट मोडते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला सर्वांदेखत पडण्याची फार लाज वाटते. या वयात लाज हीच सर्वांत मोठी भीती असते. सगळेच पडत आहेत आणि प्रशिक्षकही पडून दाखवत आहेत, हे पाहिल्यावर ती भीती हळूहळू ओसरते.

पुढे पाडायला शिकवले जाते तेव्हा पाडणाऱ्यावर एक जबाबदारी येते: जोडीदाराची बाही शेवटपर्यंत सोडायची नाही, म्हणजे तो डोक्यावर न पडता कुशीवर पडतो. तसेच जमिनीवरच्या डावात जोडीदाराने दोनदा थोपटले की त्याच क्षणी पकड सोडावी लागते, तिथे कोणतीही सबब चालत नाही. थोपटणाऱ्यालाही आपली हार स्वतःहून जाहीर करावी लागते. एका तासाच्या सरावात मुलगा अशी हार अनेकदा स्वीकारतो आणि लगेच पुन्हा उभा राहतो. माझ्या अनुभवात मुलांमध्ये जो बदल दिसतो तो मुख्यतः इथून येतो. ज्या वर्गात वेळेवर थोपटणाऱ्याला भित्रा म्हटले जाते, तिथे आपल्या मुलाला क्षणभरही ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शाळेतील_समुपदेशक

या विषयावर थोडेफार संशोधन झालेले आहे आणि ते धागाकर्तींच्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मायकेल ट्रुलसन यांचा १९८६ मधील अमेरिकेतील अभ्यास याबाबतीत नेहमी सांगितला जातो. गुन्हेगारीकडे झुकलेल्या ३४ किशोरवयीन मुलांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाला पारंपरिक पद्धतीने तायक्वांदो शिकवले, म्हणजे त्यात ध्यान, आदराचे नियम, कलेमागील विचार आणि ठरावीक हालचालींचे क्रम हे सगळे होते. दुसऱ्या गटाला केवळ लढण्याचे तंत्र शिकवले. तिसरा गट धावणे आणि बास्केटबॉल यांत गुंतवला. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातील मुलांची आक्रमकता घटलेली दिसली, तर दुसऱ्या गटात ती वाढलेली आढळली. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. तरीही एकाच कलेतून दोन उलट परिणाम निघू शकतात, ही गोष्ट विचार करायला लावते.

नॉर्वेतील एन्द्रेसेन आणि ओल्वेउस यांचा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास अधिक अस्वस्थ करणारा आहे. मुष्टियुद्ध, कुस्ती, भारोत्तोलन आणि पौर्वात्य युद्धकला यांत भाग घेणाऱ्या मुलग्यांचा त्यांनी दोन वर्षे मागोवा घेतला. सुरुवातीला ही मुले ११ ते १३ वर्षांची होती. त्यांच्यात खेळाबाहेरील समाजविरोधी वर्तन वाढल्याचे दिसून आले. म्हणजे ‘कराटेला घातले की मूल आपोआप शांत होते’ असे मानायला आधार नाही. याउलट लेक्स आणि हॉयट यांनी २००४ मध्ये अमेरिकेतील एका शाळेत प्राथमिक इयत्तांच्या मुलांना तीन महिने तायक्वांदो शिकवून पाहिले, तेव्हा नेहमीच्या शारीरिक शिक्षणाच्या तुलनेत त्या मुलांचा स्वतःवरील ताबा अधिक सुधारला. ती मुले किशोरवयीन नव्हती, हे मात्र ध्यानात ठेवावे लागेल.

हे तिन्ही अभ्यास एकत्र ठेवले की मला धागाकर्तींच्या मताला पुष्टी मिळते असे वाटते. मेंदूचा जो भाग आवेग रोखतो, परिणामांचा विचार करतो आणि निर्णयाला क्षणभर थांबवतो, त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते, तर भावना उसळवणारी यंत्रणा त्याच्या कितीतरी आधी जोर धरते. अशा वयात फटका मारण्याची आणि तो रोखण्याची सवय एकाच वेळी लावली तर रोखण्याचाही सराव होतो. फक्त पहिलीच सवय लावली तर काय होऊ शकते, ते ट्रुलसन यांच्या दुसऱ्या गटात दिसले आहे.

शाळेत माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. मूल घरात वस्तू फेकत असेल, सतत चिडत असेल किंवा कोणाकडून छळ सोसत असेल, तर युद्धकलेचा वर्ग हा त्यावरचा उपचार नव्हे. आधी त्याच्याशी बोला, गरज असेल तर तज्ज्ञांकडे न्या आणि त्याच्या जोडीला वर्ग लावा.

पंचवटीकर_काका

मंडळी, चर्चा जपान आणि कोरियातून चालली आहे, म्हणून आपल्या मातीची आठवण करून देतो. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करणारे बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांना व्यायाम शिकवणारे. निजामाच्या दरबारातून आलेल्या अली आणि गुलाब या पैलवानांचे आव्हान स्वीकारल्यावर ते आपल्या जिल्ह्यातील वणीच्या सप्तशृंगी गडावर उपासनेला बसले आणि तिथे त्यांना मल्लखांबाची स्फूर्ती मिळाली, अशी आख्यायिका सांगितली जाते. सागवानी किंवा शिसवी खांब, त्याला एरंडेल तेलाचा हात आणि अंगाला बसणारा तो घट्ट पेच ज्याने लहानपणी अनुभवला, त्याला पकड आणि तोल यांची वेगळी शिकवण द्यावी लागत नाही.

आमच्या लहानपणी तालमीत पट्टे नव्हते, प्रमाणपत्रे नव्हती. मुलगा आधी हौदा, म्हणजे कुस्तीच्या जागेची माती, उकरायचा, मग जोर-बैठका मारायचा आणि वस्तादांनी हाताला धरून मातीत उतरवले की त्या दिवशी आपण पुढे गेलो, एवढे त्याला कळायचे. वस्ताद प्रत्येकाच्या घरी कोण आहे, कोणाचे वडील कामावरून बसलेले आहेत, कोणाला सकाळी दूध मिळत नाही, हे जाणून असत. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले ते अशाच तालमींच्या परंपरेतून. हे सारे सांगताना एक गोष्ट लपवत नाही की त्या तालमींचे दार मुलींना बंद होते आणि त्यामुळे निम्मी पिढी या शिक्षणाला मुकली. आज आपल्या शहरात मुली दोरीच्या मल्लखांबावर ज्या सफाईने आसने करतात, ती पाहून माझे मन भरून येते. गोदाकाठ, तुम्ही तुमच्या लेकीला एकदा मल्लखांबही दाखवा. त्यात समोर प्रतिस्पर्धी नसतो. सगळी झुंज स्वतःच्या भीतीशी असते.

सांधे_आणि_स्नायू

मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे युद्धकला शिकणारी बरीच किशोरवयीन मुले येतात, म्हणून शरीराच्या बाजूने काही मुद्दे मांडते.

मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास उंची झपाट्याने वाढते. या काळात हाडे आधी लांब होतात आणि स्नायू मागून त्यांना गाठतात. परिणामी काल सहज जमणारी लाथ आज जमत नाही, तोल जातो, मूल धडपडते. पालकांना आणि काही प्रशिक्षकांनाही वाटते की मूल आळशी झाले किंवा त्याचे लक्ष उडाले. वास्तविक त्याला स्वतःच्या नव्या शरीराची ओळख करून घ्यावी लागत असते. याच महिन्यांत बरीच मुले ‘मला जमत नाही’ म्हणून वर्ग सोडतात. प्रशिक्षकाने त्या वेळी हे नीट समजावून सांगितले तर यांतील कित्येक मुले टिकतील.

लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचे वाढपट्टे असतात आणि वाढ पूर्ण होईपर्यंत ते हाडातील कमकुवत जागा असतात. म्हणून कौले किंवा विटा फोडण्याची प्रात्यक्षिके, कठीण फरशीवर मुठींवर काढायला लावलेले जोर आणि दोन जणांनी खांदे दाबून पाय ताणायला लावणे, हे प्रकार या वयात मला मान्य नाहीत. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या उंचवट्यावर दुखत असेल आणि उड्या मारल्यावर ते वाढत असेल, तर तो ऑसगूड-श्लाटर हा वाढीच्या वयातील नेहमीचा त्रास असू शकतो. त्यात काही काळ उड्या कमी कराव्या लागतात, पूर्ण सराव बंद करण्याची गरज बहुधा पडत नाही.

दोन बाबतींत मात्र तडजोड करू नये. डोक्याला मार बसून मूल गोंधळले, त्याला उलटी झाली, डोके दुखू लागले किंवा समोरचे धूसर दिसू लागले, तर त्या दिवशी त्याने पुन्हा खेळायचे नाही आणि डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय लढतीत उतरायचे नाही. तसेच स्पर्धेचा खालचा वजनगट मिळावा म्हणून वाढत्या वयाच्या मुलांना उपाशी ठेवणे किंवा त्यांचे पाणी तोडणे सरळसरळ घातक आहे. एका मुलीला स्पर्धेच्या सकाळी भोवळ आल्याचे मी स्वतः पाहिले आहे आणि तिच्या आईवडिलांना हे सगळे चालू असल्याची कल्पनाही नव्हती.

झोपेचाही विचार करा. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. डिसेंबरच्या थंडीत पहाटे साडेपाचचा वर्ग आणि रात्री दहापर्यंत शिकवणी असा दिवस असेल, तर त्यातून एकाग्रता वाढण्याऐवजी कमीच होईल.

अंबडचा_बाप

सर्वांचे मुद्दे वाचले. मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. मी कारखान्यात पाळीवर काम करतो, मुलगा तायक्वांदो खेळतो आणि मला त्याने पदके मिळवावीत असे वाटते, यात गैर काही नाही. दहावीच्या परीक्षेत क्रीडा गुणांची तरतूद आहे, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि आमच्यासारख्या घरांत या गोष्टींना मोल असते. शिवाय स्पर्धेत सर्वांसमोर हरल्यावर मुलगा जे शिकतो, ते वर्गातल्या सरावात शिकेल असे मला वाटत नाही. पहिल्या स्पर्धेत हरल्यावर माझा मुलगा दोन दिवस बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी स्वतःहून सरावाला निघाला. स्पर्धा वाईट असे चित्र कृपया उभे करू नये.

नाशिकरोडचा_ज्युदोका

अंबडचे दादा, तुमचे म्हणणे योग्य आहे आणि मी स्वतः मुलांना स्पर्धांना नेतो. माझा आक्षेप फक्त पदकापुरता वर्ग चालवण्याला आहे, कारण तिथे जिंकू शकणाऱ्या चार मुलांकडे लक्ष दिले जाते आणि बाकीची केवळ शुल्क भरणारी ठरतात. तुम्ही गुणांचा विचार करत आहात, म्हणून एक व्यावहारिक सूचना करतो. प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र क्रीडा गुणांसाठी किंवा आरक्षणासाठी ग्राह्य धरले जात नाही. एकाच कलेच्या अनेक संघटना असतात आणि ‘राष्ट्रीय’, ‘आंतरराष्ट्रीय’ असे शब्द वापरायला कोणालाही अडवले जात नाही. स्पर्धेसाठी पैसे भरण्यापूर्वी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन ती संघटना आणि तो खेळप्रकार मान्यताप्राप्त आहे का, याची खात्री करून घ्या. तायक्वांदो २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकाचा खेळ आहे. कराटे मात्र तोक्योच्या ऑलिंपिकपुरताच समाविष्ट होता आणि २०२४ मध्ये पॅरिसला वगळला गेला. हेही मुलांना आधीच सांगितलेले बरे.

सातपूरची_आई

मला मुलींच्या संदर्भात लिहायचे आहे. शाळांमधून एका दिवसाची स्वसंरक्षण शिबिरे होतात, मुली टाळ्यांच्या गजरात प्रात्यक्षिके करतात आणि आपण निश्चिंत होतो. दडपणाखाली शरीर जे पूर्वी असंख्य वेळा केलेले असते तेच करते, त्यामुळे एका दिवसात शिकलेला डाव प्रसंगी आठवेल असे मानणे धोक्याचे आहे. दुसरे असे की मुलींना त्रास देणारी व्यक्ती बऱ्याचदा ओळखीची, कधी घरातली असते आणि तिथे लाथ-बुक्क्यांपेक्षा स्पष्ट आवाजात नकार देणे, तिथून निघून जाणे आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला लगेच सांगणे अधिक उपयोगी पडते. चांगल्या वर्गात मोठ्याने ओरडण्याचाही सराव घेतात. आमच्या घरांत मुलींना ‘हळू बोल’ असे सांगण्याची सवय इतकी खोल आहे की माझ्या मुलीला पहिला ठोसा मारण्यापेक्षा पहिली आरोळी ठोकणे अवघड गेले. आज ती वर्गात हात वर करून शंका विचारते आणि मला त्याचे फार अप्रूप वाटते.

याच कारणासाठी प्रशिक्षण केंद्राचीही पारख करायला हवी. युद्धकला शिकवताना स्पर्श अटळ असतो, म्हणून प्रशिक्षक पकड किंवा उभे राहण्याची पद्धत सुधारण्याआधी ‘हात लावू का’ असे विचारतो का, ते पाहा. पालकांना कोणत्याही वेळी आत येऊन बसता येते का? मुलींसाठी कपडे बदलायला वेगळी, आतून कडी असलेली जागा आहे का? बाहेरगावच्या स्पर्धेला जाताना जबाबदार स्त्री सोबत असते का? मुलांना वैयक्तिक संदेश न पाठवता पालकांचा समावेश असलेल्या गटावरच सूचना दिल्या जातात का? एका केंद्रात हे प्रश्न विचारल्यावर ‘आमच्यावर विश्वास नाही का’ असे उत्तर मिळाले आणि आम्ही तिथून परतलो. १८ वर्षांखालील मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना माहिती देणे त्या कायद्याने बंधनकारक केले आहे आणि मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी चालते. ही माहिती केंद्रातील भिंतीवर लावलेली असावी, असा आग्रह पालकांनी धरावा.

वकील_मेरी_परिसर

सातपूरच्या ताईंच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या बचावाचा अधिकार दिलेला आहे. बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा मात्र त्यात नाही. हल्लेखोर पळू लागल्यावर मागून जाऊन मारणे किंवा शाळेतील शिवीगाळीला ठोशाने उत्तर देणे हा बचाव ठरत नाही. हे प्रशिक्षकांनी मुलांना सोप्या भाषेत आणि वारंवार सांगितले पाहिजे.

सिडकोतली_तपकिरी_पट्टेवाली

या धाग्यावर बहुतेक सगळे मोठे लोक लिहीत आहेत, म्हणून मी विद्यार्थिनीच्या बाजूने लिहिते. मी सध्या अकरावीत आहे आणि पाचवीपासून कराटे शिकत आहे.

आठवी-नववीत मला कराटे सोडावेसे वाटत होते. तेच तेच काता (ठरावीक हालचालींचे क्रम), त्याच हालचाली, आणि माझ्यानंतर आलेली मुले स्पर्धांमध्ये पुढे जात होती. तेव्हा आमच्या सरांनी मला पांढऱ्या पट्ट्याच्या सहा लहान मुलांची जबाबदारी दिली. त्यांना काता शिकवताना मला पहिल्यांदा कळले की अमुक ठिकाणी कंबर आधी का वळते आणि हात नंतर का जातो. एक मुलगा सतत रडायचा, त्याच्यावर मी एकदा ओरडले तर तो आठवडाभर आलाच नाही. सरांनी मला काही बोलून न दाखवता त्याच्या घरी पाठवले. त्याच्या आजीशी बोलून मी त्याला परत आणले. त्यानंतर मी घरी धाकट्या भावाशीसुद्धा वेगळ्या तऱ्हेने वागू लागले, असे आई म्हणते. व्यक्तिमत्त्व विकास म्हणजे काय ते मला नेमके सांगता येणार नाही, परंतु माझ्यात जो काही बदल झाला तो त्या सहा मुलांमुळे झाला.

सरांनी आम्हाला सांगितले होते की कराटे जपानच्या ओकिनावा बेटावरील शाळांमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गेले, तेव्हा आन्को इतोसु यांनी शाळकरी मुलांना झेपतील असे पाच काता बांधले आणि त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये तोक्योत कराटेचे प्रात्यक्षिक दाखवले. कराटेत पहिला वार नसतो, हा फुनाकोशींचा नियम आमच्याकडे प्रत्येक वर्गाच्या शेवटी म्हटला जातो. अगदी लहान मुलांना काळा पट्टा देण्याबद्दलही बोलले पाहिजे. जागतिक तायक्वांदोचे मुख्य केंद्र असलेल्या सोल येथील कुक्कीवोनमध्ये १५ वर्षांखालील मुलांना ‘दान’ या काळ्या पट्ट्याच्या श्रेणीऐवजी ‘पुम’ ही वेगळी श्रेणी देतात. सर्वच कलांमध्ये असे काहीतरी असते तर नऊ वर्षांच्या मुलाला आपण सगळे शिकून मोकळे झालो, असे वाटले नसते.

दहावीबद्दल सांगायचे तर माझ्या वर्गातील जवळजवळ सर्व मुलींनी नववीच्या शेवटी सराव थांबवला आणि त्यांतील फारच थोड्या परत आल्या. मी आठवड्यातून दोन दिवस जात राहिले. त्या दोन दिवसांनी माझा अभ्यास बुडाला नाही आणि पूर्वपरीक्षेत गणिताचा पेपर बिघडला तेव्हा सावरायला मला त्यांचाच आधार झाला.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सिडकोतील मुलीचा प्रतिसाद मी माझ्या मुलीला वाचून दाखवला आणि तिचा पहिला प्रश्न होता, ‘मला पण लहान मुले शिकवायला मिळतील का?’ आम्ही आता दुसऱ्या, लहान जागेतील वर्गाचा विचार करत आहोत. काकांच्या सांगण्यावरून या रविवारी मल्लखांबही पाहून येऊ. समुपदेशकांनी दिलेल्या अभ्यासांमुळे माझ्या मताला आधार मिळाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोठ्या मुलांवर लहानांची जबाबदारी सोपवली जाते का, हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता, तो आता सर्वांत वर गेला आहे. अंबडच्या दादांचेही पटले. मुलीने स्पर्धेत भाग घ्यायचे ठरवले तर आम्ही अडवणार नाही, फक्त वजन घटवण्याचा विषय निघाला तर तिथेच थांबू.

एक शंका उरली आहे. तिचे वय तेरा आहे आणि तिच्या वर्गातील काही मुली सहाव्या-सातव्या वर्षापासून शिकत आहेत. आता सुरुवात करणे उशिराचे ठरेल का? आणि पहिल्या काही आठवड्यांत आम्ही घरी काय पाहावे?

नाशिकरोडचा_ज्युदोका

अजिबात उशीर झालेला नाही. तेराव्या वर्षी येणारी मुले सूचना लवकर समजून घेतात, प्रश्न विचारतात आणि स्वतःच्या इच्छेने आलेली असल्यामुळे टिकतातही. पाच-सहा वर्षांनी लहान असलेल्या, पण वरचा पट्टा बांधलेल्या मुलाकडून शिकावे लागेल, ही तयारी तिच्याशी आधीच बोलून करून घ्या, कारण पहिली नाराजी बहुधा तिथेच येते.

पहिला महिना साध्या सैल कपड्यांत पाठवा. गणवेश, हातमोजे आणि वर्षभराचे शुल्क यांची घाई करू नका, आणि कोणी घाई करू लागले तर कारण विचारा. नखे कापलेली, केस बांधलेले आणि अंगावर दागिना नसावा. दमा, चष्मा, जुनी दुखापत किंवा कोणतेही औषध चालू असेल तर ते प्रशिक्षकांना लेखी द्या. पाळीच्या दिवसांत यायचे की नाही, हे तिचे तिला ठरवू द्या आणि न आल्यास कारण विचारले जाणार नाही, याची प्रशिक्षकांकडून आधीच खात्री करून घ्या.

घरी आल्यावर ‘आज काय शिकलीस’ यापेक्षा ‘आज कोणाबरोबर सराव केलास’ असे विचारून पाहा. महिनाभरानंतरही तिला दोन-तीन जोडीदारांची नावे सांगता आली नाहीत, तर वर्गात तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही असे समजा आणि प्रशिक्षकांना जाऊन भेटा. काळेनिळे डाग आणि अंग दुखणे पहिले काही आठवडे राहील, परंतु सांध्याला सूज आली किंवा एकाच जागी दुखणे आठवड्याहून अधिक टिकले तर तपासून घ्या. मल्लखांब पाहायला जाल तेव्हा काकांना सोबत घेऊन जा, म्हणजे कोणत्या खांबावर आणि कोणाच्या हाताखाली सुरुवात करायची, ते तिथेच ठरवता येईल.